अणुभट्टीशेजारचे शिवार : ट्रॉम्बेच्या बियाण्यांची वाटचाल

मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती किती उरली आहे, असे कोणी विचारले तर लोक हसतील. गोराई-मनोरीकडचे वाफे, आरेतल्या पाड्यांवरची भातखाचरे, रेल्वे रुळांलगतच्या पालेभाजीच्या पट्ट्या. यादी इथेच संपते. तरीही याच जिल्ह्यात, चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे ट्रॉम्बेच्या टेकडीला वळसा घातला की एक असे शिवार आहे, ज्यातून निघालेले भुईमूग, उडीद, तूर, सोयाबीन आणि सूर्यफूल यांचे वाण आज विदर्भ-मराठवाड्यापासून थेट ओडिशापर्यंत पेरले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव काढले की आपल्याला घुमटाकार अणुभट्ट्या आठवतात. त्या भट्ट्यांच्या शेजारी पीक पैदास करणारी माणसे गेली सहा दशके वाकून रोपे तपासत आहेत, हे घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशालाही बहुधा ठाऊक नसते.

या स्मरणिकेसाठी त्या कामाचा इतिहास मांडताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ट्रॉम्बेचा म्हणून ओळखला जाणारा एकही वाण एकट्या ट्रॉम्बेचा नाही. बदल घडला तो इथे. त्याचा वाण झाला अकोल्याला, राहुरीला, लातूरला, दापोलीला. म्हणून हा इतिहास एका विभागाचा असला तरी तो भागीदारीचाच इतिहास म्हणून वाचावा.

१९५० चे दशक : टेकडी, खाजण आणि ‘अप्सरा’

३ जानेवारी १९५४ रोजी ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा आस्थापना स्थापन झाली. डॉ. होमी भाभा यांनी निवडलेली ही जागा एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याच्या खाडीचे खाजण, अशी होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भट्टी कार्यान्वित झाली आणि २० जानेवारी १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते आस्थापनेचे औपचारिक उद्घाटन झाले.

अणुशक्ती म्हणजे वीज आणि बॉम्ब, एवढेच समीकरण त्या काळी सामान्य माणसाच्या डोक्यात होते. भाभांचा आराखडा त्याहून रुंद होता. भौतिकी, रसायन आणि अभियांत्रिकी यांच्या जोडीने जीवशास्त्राचा विभागही सुरुवातीच्या वर्षांतच उभा राहिला आणि त्याची धुरा पेशीविज्ञानाचे अभ्यासक डॉ. ए. आर. गोपाल-अय्यंगार यांच्याकडे आली. किरणोत्साराचा सजीवांवर काय परिणाम होतो, हा या विभागाचा मूळ विषय. त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला : किरणांनी बियाण्यात बदल होतात, तर त्यातला एखादा शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल का?

हा प्रश्न जगात नवा नव्हता. १९२७ साली हर्मन म्युलर यांनी फळमाशीवर आणि लगोलग १९२८ साली लुईस स्टॅडलर यांनी सातूवर क्ष-किरण सोडून आनुवंशिक बदल घडवता येतात हे दाखवले होते. म्युलर यांना त्यासाठी १९४६ चे नोबेलही मिळाले. मात्र प्रयोगशाळेतला बदल आणि बाजार समितीत पोते उतरवणारा वाण यांच्यामध्ये वर्षानुवर्षांची मेहनत असते. ती करायला कोण बसणार, हा खरा प्रश्न होता.

१९६० चे दशक : हजारांतले एक रोप

बसले ते भुईमुगापाशी. डॉ. एस. एच. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या त्या काळच्या परिचित वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरणांचा मारा केला. पुढचे काम ऐकायला सोपे वाटते आणि करायला जीव काढते. किरण दिलेले बी पेरायचे. पहिल्या पिढीत रोपे खुरटतात, पानांवर पांढरे-पिवळे पट्टे येतात, काही मरतात. यातून काही ठरवायचे नसते. प्रत्येक रोपाच्या शेंगा फक्त वेगळ्या काढून ठेवायच्या. दुसऱ्या पिढीत त्या एकेका रोपाची वेगळी ओळ पेरायची आणि मग ओळीमागून ओळ, रोपामागून रोप डोळ्यांखालून घालायचे. बहुतेक बदल निकामी. हजारो रोपांत एखादे असे निघते, ज्याची शेंग मोठी आहे, किंवा फांद्या आटोपशीर आहेत, किंवा ते आठवडाभर आधी पिकते. ते टिकून पुढच्या पिढीत तसेच उतरले, तरच ते ‘म्युटंट’ म्हणून वहीत चढते.

जागाही सोयीची नव्हती. उपनगरातला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, खाडीवरून येणारा खारा वारा, शेत लहान. भुईमुगाला हवी हलकी, निचऱ्याची जमीन आणि फुलोऱ्यात उघडीप. ट्रॉम्बेच्या आषाढ-श्रावणात उघडीप कुठली! इथे जे वाढते त्यावरून औसा-निलंग्यात काय होईल, हे सांगता येत नाही. आरंभीच्या कार्यकर्त्यांच्या हे लवकर ध्यानात आले, आणि माझ्या मते या संस्थेच्या यशाचे मूळ तिच्या गॅमा यंत्रांपेक्षा या जाणिवेतच अधिक आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवरील विमान अपघातात डॉ. भाभा गेले. पुढच्या वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये आस्थापनेला त्यांचे नाव मिळाले. त्याच सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गॅमा किरणांच्या साह्याने मेक्सिकन गव्हापासून ‘शरबती सोनोरा’ तयार झाला. किरणांच्या शेतीकडे संशयाने पाहणाऱ्यांना त्याने थोडे गप्प केले. आणि दशक संपता संपता, १९६९ च्या सुमारास, रशियातून आलेल्या वाणांच्या रूपाने सूर्यफूल तेलबियांचे पीक म्हणून भारतीय शेतात उतरले. तोवर ते आपल्याकडे अंगणातले शोभेचे झाड होते.

१९७० चे दशक : विद्यापीठे आली, वाट मोकळी झाली

१९७३ साली ‘टीजी-१’ हा भुईमुगाचा वाण लागवडीसाठी प्रसारित झाला. ‘टीजी’ म्हणजे ट्रॉम्बे ग्राउंडनट. ‘विक्रम’ या नावानेही तो ओळखला गेला. मोठी शेंग, टपोरा दाणा. दहा-बारा वर्षांच्या खपण्यानंतर पदरी पडलेला हा पहिला वाण. त्याला आता अर्धशतक उलटून गेले.

याच काळात महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आकाराला आली : राहुरी आणि अकोला साठीच्या दशकाच्या अखेरीस, परभणी आणि दापोली १९७२ मध्ये. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू पिकांचा विचार करायला सगळ्यांनाच भाग पाडले होते. ट्रॉम्बेकडे म्युटंट होते, शेत नव्हते. विद्यापीठांकडे संशोधन केंद्रे, कोरडवाहू जमीन आणि शेतकऱ्यांशी रोजचा संबंध होता. ही सोयरीक जुळली आणि टिकली.

दोन ठिकाणची माणसे एकाच वाणावर काम करतात तेव्हा कोणत्या हंगामाचे आकडे धरायचे, कोणती ओळ पुढे न्यायची, यावर मतांतरे होतातच. त्यांचा तपशील हे या लेखाचे काम नव्हे. निकाल शेतात लागले आणि सर्वांनी ते मानले, एवढी नोंद पुरे.

१९८० चे दशक : उडीद, तूर आणि संकराची चाहूल

हे दशक डाळींनी गाजवले. १९८३ मध्ये ‘ट्रॉम्बे विशाखा-१’ ही टपोऱ्या दाण्याची तूर आली. १९८५ मध्ये तुरीचा ‘टीएटी-१०’ आणि उडदाचा ‘टीएयू-१’ आला. या नावांमधला ‘ए’ अकोल्याचा. पुढेही हीच पद्धत राहिली : कोकणासाठीच्या वाणात ‘के’, लातूरच्या वाणात ‘एल’. टीएयू-१ चा तर महाराष्ट्रातील उडदाच्या क्षेत्राच्या मोठ्या हिश्श्यावर वर्षानुवर्षे अंमल राहिला. पापड लाटणाऱ्या कित्येक घरांना आपण ट्रॉम्बेचे बी खातो आहोत याचा पत्ताही नसेल. डॉ. सी. आर. भाटिया यांच्यासारखे, पुढे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झालेले शास्त्रज्ञ याच फळीतले.

सूर्यफुलाच्या जगात तेव्हा वेगळीच उलथापालथ चालू होती. सूर्यफुलाचे एक फूल म्हणजे खरे तर शेकडो फुलांचे तबक. त्यात प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. मग संकर करायचा तर हजारो इवल्या फुलांचे पुंकेसर चिमट्याने काढणार कोण? १९६९ मध्ये फ्रान्सच्या लेक्लेर्क यांनी रानटी सूर्यफुलाशी संकर करून नरवंध्य ओळ शोधली, आणि लगेच १९७० मध्ये अमेरिकेच्या किन्मन यांनी ही वंध्यता दूर करणारा जनुक दिला. आता एक ओळ फक्त मादी, दुसरी फक्त परागदाती, आणि मधला सगळा व्यवहार मधमाश्यांचा. याच तंत्रावर बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये ‘बीएसएच-१’ हा भारतातला पहिला संकरित सूर्यफूल वाण दिला. जालन्याच्या महिकोसारख्या खासगी कंपन्याही पुढे या क्षेत्रात उतरल्या. १९८६ मध्ये केंद्राचे तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि लातूर, सोलापूर, धाराशिवच्या काळ्या रानात पिवळे पट्टे दिसू लागले.

१९९० चे दशक : टीएजी-२४ चा बोलबाला, सूर्यफुलाची भरती आणि ओहोटी

१९९१ मध्ये आलेला ‘टीएजी-२४’ हा ट्रॉम्बेचा सर्वांत नावाजलेला वाण. ठेंगणे झाड, बुंध्याशी लागणाऱ्या शेंगा, आणि झाडाने घेतलेले अन्न पाल्यात न घालवता दाण्यात उतरवण्याची हातोटी. उन्हाळी भुईमूग करणाऱ्यांनी तो उचलून धरला आणि महाराष्ट्राबाहेरही नेला. १९९४ मध्ये कोकणासाठी ‘टीकेजी-१९ए’ आला. १९९५ मध्ये ‘टीजी-२६’.

टीजी-२६ चा एक गुण शहरी वाचकाला सांगायलाच हवा. उपटा प्रकारचा भुईमूग काढणीला आला आणि नेमका पाऊस लागला, तर जमिनीतच शेंगेला कोंब फुटतात. चार महिन्यांचे पीक डोळ्यांदेखत वाया. टीजी-२६ च्या ताज्या दाण्याला साधारण तीन आठवड्यांची सुप्तावस्था आहे. तेवढे दिवस पाऊस झाला तरी दाणा उगवत नाही. उत्पादनाचा आकडा वाढवणाऱ्या वाणांचे कौतुक सगळे करतात. हातचे पीक वाचवणारा गुण मात्र मागे पडतो.

सूर्यफुलाने याच दशकात शिखर पाहिले. १९९३-९४ मध्ये देशात या पिकाखाली सुमारे २७ लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते तीन लाख हेक्टरांच्याही आत आले आहे. परदेशी खाद्यतेलाला दारे उघडली, भाव पडले, १९९७ नंतर नेक्रोसिस या विषाणुरोगाने कर्नाटकापासून सुरुवात करून दक्षिणेतील आणि मराठवाड्यातील शेते झोडपली, आणि दाणे भरायच्या वेळी पोपटांचे थवे होतेच. ज्याच्या शेजारी कुणी सूर्यफूल पेरत नाही, त्याच्या एकट्याच्या रानावर सगळे पोपट येतात. म्हणून शेजारी थांबला की आपणही थांबायचे. क्षेत्र घटण्याचे हे कारण अहवालांत क्वचित येते, शेतकरी मात्र पहिले तेच सांगतो.

२००० चे दशक : ट्रॉम्बेचे सूर्यफूल

अशा पडत्या काळात ट्रॉम्बेने सूर्यफूल हाती घेतलेले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ‘सूर्या’ या वाणाच्या बियाण्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करून नव्वदच्या दशकातच अनेक म्युटंट वेगळे काढले गेले होते.

भुईमुगापेक्षा हे काम किचकट. भुईमूग आपल्याच परागाने फळतो. ओळ आपोआप शुद्ध राहते. सूर्यफूल परपरागी. शेजारच्या झाडाचा पराग मधमाशीच्या पायाला लागून आला की निवड गेली वाहून. म्हणून कडेच्या पिवळ्या पाकळ्या उमलण्याआधीच प्रत्येक तबकावर पिशवी चढवायची. तबकातली फुले कडेकडून मध्याकडे रोज काही वर्तुळे अशी उमलत जातात. हा फुलोरा आठवडाभर तरी चालतो. एका फुलात आधी पराग सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, शिवाय पुष्कळ झाडे स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. म्हणजे पिशवी घातली तर दाणे पोकळ राहतात आणि काढली तर शुद्धता जाते. उपाय एकच : रोज सकाळी पिशवी सोडून, मऊ कापडाने तबकावर हलका हात फिरवायचा, पुन्हा पिशवी बांधायची आणि झाडाचा क्रमांक लिहायचा. विद्यापीठांच्या कृषी दैनंदिनीत शेतकऱ्यांना सकाळी ७ ते ११ या वेळेत हाताला तलम कापड गुंडाळून फुलांवरून फिरवण्याचा सल्ला दिलेला असतो, तोही याच कारणाने. ज्यांनी हे हंगामामागून हंगाम केले त्या शेतमजूर, क्षेत्र सहायक आणि तंत्रज्ञांची नावे शोधनिबंधांवर येत नाहीत. या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख शास्त्रज्ञांच्या बरोबरीने व्हावा.

या निवडीतून काळ्या सालीच्या दाण्याचा, अवर्षणाला तोंड देणारा ‘टीएएस-८२’ तयार झाला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. ट्रॉम्बे, अकोला, सूर्यफूल : नावातच दोन्ही घरे.

टीएएस-८२ संकरित नाही, सरळ वाण आहे. यावर दोन मते ऐकू येतात. चांगल्या जमिनीत, दोन पाणी देता येत असतील तर संकरित सूर्यफूल अधिक उतारा देते यात शंका नाही. रोपे एकसारखी, फुलोरा एकदम, दाणा भरलेला. पण त्याचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते आणि पाऊस दगा देईल अशा हलक्या रानात तेवढा खर्च घालायला शेतकरी कचरतो. सरळ वाणाचे बी तो काळजी घेऊन दोन-तीन हंगाम घरचे वापरू शकतो. दोन्हींची शेते वेगळी आहेत. आणि म्युटंट व संकर हे एकमेकांचे वैरीही नाहीत. १९७६ मध्ये रशियातील क्रास्नोदार येथे सोल्दातोव्ह यांनी रासायनिक प्रक्रियेने मिळवलेला ‘पेर्वेनेत्स’ हा भरपूर ओलेइक आम्ल असणारा म्युटंट आज जगभरातल्या हाय-ओलेइक संकरित सूर्यफुलांचा पूर्वज आहे. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने मराठवाड्यासाठी सूर्यफुलाचे संकरित वाण दिले आहेत. ट्रॉम्बेचे म्युटंट अशा पैदास कार्यक्रमांत पालक म्हणून वापरण्याला भरपूर वाव आहे.

दशकातली बाकी नोंद थोडक्यात. २००४ मध्ये राहुरीच्या साथीने ‘टीपीजी-४१’ आला. त्याच्या शंभर दाण्यांचे वजन साठ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणून खारे दाणे करणाऱ्यांनी त्याला पसंती दिली. २००५ मध्ये सोयाबीनचा ‘टीएएमएस-३८’, २००७ मध्ये लातूरसोबत ‘टीएलजी-४५’ भुईमूग.

२०१० नंतर : तेलाच्या गुणाकडे

उत्पादनाच्या जोडीने आता तेलाची प्रत पाहिली जाऊ लागली. जवस हे विदर्भाचे जुने पीक. त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असल्याने ते लवकर खवट होते आणि रंग-वॉर्निशकडे जाते. २०१९ च्या ‘टीएल-९९’ या वाणात हे आम्ल अगदी कमी करण्यात यश आले, त्यामुळे जवसाचे तेल फोडणीला वापरण्याजोगे झाले. चटणीसाठी मात्र जुने जवसच बरे, असे माझे स्वतःचे मत आहे. ओमेगा-३ साठी जवस खाणाऱ्यांनाही तेच सोयीचे.

आजचे काम

आज या विभागाचे नाव अणुकृषी व जैवतंत्रज्ञान विभाग असे आहे आणि प्रसारित वाणांची संख्या साठच्या वर गेली आहे. जनुकांच्या खुणा पाहून रोपावस्थेतच निवड करण्याची तंत्रे आली, पण शिवारात वाकणे सुटलेले नाही. ‘किरणांचे दाणे खाल्ले तर काही होणार नाही ना?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. गॅमा किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही. शिवाय किरण दिलेल्या बियापासून शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पिशवीपर्यंत कित्येक पिढ्या गेलेल्या असतात.

काळजीची बाब वेगळी आहे. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा अंधेरी-बोरिवलीच्या किराणा दुकानांत सूर्यफूल तेलाची पिशवी किती महागली, हे वाचकांना आठवत असेल. याच उपनगरांत आता लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने गल्लोगल्ली निघाली आहेत. तिथे भुईमूग कोणत्या वाणाचा आहे असे विचारले, तर उत्तर ‘गावरान’ एवढेच मिळते. किराणावालाही ‘घुंगरू’, ‘स्पॅनिश’, ‘जाडा’ याच्या पुढे जात नाही. वाणाचे नाव ग्राहकापर्यंत पोचत नाही, तोवर चांगल्या वाणाला जास्तीचा भावही मिळत नाही. ही उणीव दूर करणे प्रयोगशाळेच्या हातात नाही. व्यापारी आणि ग्राहक संघटनांनी ती मनावर घ्यावी.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची गावाकडे अजून शेती आहे. त्यांना विनंती अशी : कृषी विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांत आणि महाबीजकडे पेरणीच्या आधी चौकशी करावी, प्रमाणित बियाण्याचे लेबल आणि पावती जपून ठेवावी. भुईमुगाचे बी शेंगांच्या रूपातच घ्यावे आणि पेरणीच्या आठवडाभर आधी हाताने फोडावे, कारण यंत्राने फोडून ठेवलेल्या दाण्याची उगवण झपाट्याने कमी होते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. सत्तरच्या खाली आली तर ते बी पेरू नये.